अमेरिकेत वादीच्या बाजूने लढणारे तरुण वकील: शिक्षण, पहिली वर्षं, फी आणि जोखीम

रानवारा

अमेरिकेत कायदा शिकायचा विषय निघाला की बोलणं न्यूयॉर्कच्या बड्या कॉर्पोरेट फर्म आणि पहिल्या वर्षाचा सव्वादोन लाख डॉलर पगार यांवर येऊन थांबतं. दुसरी एक वाट आहे, तिच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. ती म्हणजे वादीची वकिली. औषधाने अपाय झालेला रुग्ण, ओव्हरटाइम बुडवला गेलेला कामगार, खोट्या ताळेबंदावर विसंबून शेअर घेतलेला माणूस, अशांच्या वतीने कंपनीवर दावा लावणारे हे वकील. माझी मावसबहीण न्यू जर्सीत हेच काम करते. तिची सुरुवातीची वर्षं मी जवळून पाहते आहे आणि या कामाबद्दल आपल्या लोकांत काय काय बोललं जातं तेही ऐकते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तिचं नाव आणि फर्म विचारू नका, बाकी सगळं विचारा.

आधी शिक्षण. तिथे बारावीनंतर थेट लॉ नाही. कुठल्याही विषयातली चार वर्षांची पदवी, मग एलसॅट ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षांची जेडी म्हणजे कायद्याची पदवी आणि शेवटी राज्याची बार परीक्षा. हिची पदवी जीवशास्त्रातली. तेव्हा घरच्यांना ती वर्षं वाया गेल्यासारखी वाटली होती. आज ती पॅथॉलॉजीचे रिपोर्ट आणि औषधांच्या चाचण्यांवरचे शोधनिबंध ज्या सहजतेने वाचते, तसं तिच्या फर्ममध्ये फार थोड्यांना जमतं. लॉ स्कूलमध्ये तिने दोन गोष्टी नेटाने केल्या. एक क्लिनिक, जिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी खऱ्या अशिलांची कामं चालवतात, घर खाली करण्याच्या नोटिसा, बुडवलेली मजुरी वगैरे. दुसरी मॉक ट्रायल, म्हणजे सरावासाठी चालवलेला लुटुपुटूचा खटला. वादीच्या फर्मही मार्क बघतात, पण त्यांना जास्त हे बघायचं असतं की ही मुलगी साक्षीदारासमोर उभी राहील का, आणि जिचा नवरा नुकताच गेला आहे अशा बाईशी तासभर नीट बोलू शकेल का.

जेडीनंतर ती वर्षभर न्यू जर्सीच्या सुपिरिअर कोर्टात एका न्यायाधीशांची लॉ क्लार्क होती. दोन्ही बाजूंचे अर्ज वाचायचे, न्यायाधीशांसाठी टिपण काढायचं, आदेशाचा मसुदा करायचा. कुठला अर्ज न्यायाधीश दुसऱ्या पानावर बाजूला ठेवतात हे तिथे दिसतं. ज्याला कोर्टात उभं राहायचं आहे त्याने हे वर्ष चुकवू नये, पगार कमी असला तरी.

आता पैशाचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. अशील सुरुवातीला काही देत नाही. भरपाई मिळाली तरच त्यातला हिस्सा वकिलाचा. न्यू जर्सीत अपघात आणि शारीरिक इजेच्या दाव्यांसाठी कोर्टाने हिस्सा बांधून दिला आहे: खर्च वजा जाता हाती आलेल्या रकमेच्या पहिल्या साडेसात लाख डॉलरवर एक तृतीयांश, पुढच्या साडेसात लाखांवर ३० टक्के, त्यापुढच्या तेवढ्यावर २५ आणि त्यापुढच्या तेवढ्यावर २०. तोवर तज्ज्ञ डॉक्टर, स्टेनोग्राफर, कागदपत्रं साठवणारी कंपनी, सगळ्यांचे पैसे फर्म खिशातून भरते. शिवाय तिथे साधारण नियम असा की जिंकलेल्यालाही स्वतःच्या वकिलाचा खर्च स्वतःच करावा लागतो. नागरी हक्कांच्या दाव्यांसारखे अपवाद आहेत, त्यासाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे. दावा हरला तर काही वर्षांची मेहनत आणि घातलेला पैसा, दोन्ही गेलं.

म्हणून नवख्या वकिलाला पहिलं काम दिलं जातं ते आलेल्या तक्रारी ऐकण्याचं. माणूस खरं बोलतोय, त्याला त्रास झालाय, हे दिसत असतं, तरी बहुतेकांना नाही म्हणावं लागतं. कारण मुदत उलटलेली असते, किंवा नुकसान आणि कारण यांच्यातला दुवा कागदावर सापडत नाही. मावसबहीण म्हणते की यातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे, आणि ते लॉ स्कूलमध्ये कोणी शिकवत नाही.

काळा_कोट

चांगला विषय. मी पुण्यात मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्जदारांची कामं करतो, तेव्हा आपल्याकडची बाजू मांडतो.

पहिला फरक फीचा. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मना आहे, नियम २०. मुंबईच्या एका वकिलाने अशिलाशी वसुलीत वाटा घेण्याचा करार केला होता, ते प्रकरण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हे व्यावसायिक गैरवर्तन ठरलं. वकील नसलेल्या तिसऱ्या माणसाने दाव्यात पैसा घालायला मात्र बंदी नाही, हे २०१८ च्या बालाजी निकालात पुन्हा आलं. म्हणजे सावकार दाव्यात भागीदार होऊ शकतो आणि वकील नाही. या नियमामागचा हेतू मला मान्य आहे. अशिलाच्या भरपाईवर वकिलाचा डोळा नसावा. पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याने चांगला वकील कुठून आणायचा, याचं उत्तर हा नियम देत नाही. विधी सेवा प्राधिकरण आहे, ते पुरेसं नाही, हे रोज कोर्टात उभा राहणारा कोणीही सांगेल.

दुसरा फरक रकमेचा. आपल्याकडे हिशेब जवळपास ठरलेला असतो. २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी, हे दोन निकाल प्रत्येक ज्युनिअरला पाठ असतात. ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिना २०,००० कमावणारा माणूस गेला आणि मागे तिघं अवलंबून आहेत असं धरा. वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून ३ लाख ३६ हजार. स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा, राहिले २ लाख २४ हजार. या वयाला गुणक १६. झाले ३५ लाख ८४ हजार, वर अंत्यविधी वगैरेच्या ठरीव रकमा. सगळी लढाई होते ती उत्पन्न सिद्ध करण्यावर. वडापावच्या गाडीवाल्याचं उत्पन्न कोणत्या कागदावर दाखवणार? ज्युनिअरची पहिली वर्षं तिथे जातात: बँकेचं पासबुक, दूधवाल्याची वही, कर्जाचे हप्ते, शेजाऱ्याचं शपथपत्र. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत हे सगळं मोडून काढायला बसलेलाच असतो.

ओढ्याकाठी

रानवारा, धागा मनापासून लिहिलाय, पण मला दुसऱ्या बाजूने लिहायचंय. मी रसायनशास्त्रज्ञ आहे, न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात कितीतरी वर्षं काम केलं. आपली बरीच मराठी मंडळी तिथे याच उद्योगात आहेत. टीव्ही लावला की 'तुम्ही अमुक औषध घेतलं होतं का? आम्हाला फोन करा' अशा जाहिराती. १९७७ च्या बेट्स निकालानंतर वकिलांना जाहिरातीची मोकळीक मिळाली, ते एक वेळ ठीक. पण त्या जाहिराती बघून माणसं डॉक्टरांना न विचारता चालू औषध बंद करतात. त्यात कुणाचं भलं होतं?

एका दाव्यात माझं डिपॉझिशन झालं होतं. कोर्टात नाही, एका कॉन्फरन्स रूममध्ये, शपथेवर, समोर स्टेनोग्राफर आणि कॅमेरा. फेडरल नियमाने एका साक्षीदारासाठी एक दिवस आणि त्यात सात तास अशी मर्यादा आहे आणि त्यातले बरेच तास वापरले गेले. प्रश्न विचारणारी वकील माझ्या मुलीच्या वयाची होती. मी स्वतः लिहिलेले आणि विसरून गेलेले ईमेल तिने तारखेनिशी समोर ठेवले. आवाज एकदाही चढला नाही. तिची तयारी उत्तम होती हे मी मान्य करतो. तरी आमच्या प्रयोगशाळेत प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसांना गुन्हेगार असल्यासारखं वाटत राहिलं, हेही खरं आहे.

रानवारा

ओढ्याकाठी काका, तुमचा जाहिरातींचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. औषध स्वतःहून बंद करू नका असं त्या जाहिरातीत ठळक सांगायलाच हवं. एक भर घालते: त्यातल्या पुष्कळ जाहिराती खटला चालवणाऱ्या वकिलांच्या नसतात. फोन गोळा करून ते पुढे विकणाऱ्या कंपन्यांच्या असतात. जो वकील स्वतः ज्युरीसमोर उभा राहणार आहे त्याला खोटे दावे नकोच असतात, कारण दहा पोकळ दावे एका खऱ्या दाव्याला घेऊन बुडतात.

याचं आपल्याला जवळचं उदाहरण देते. रॅनिटिडिन. आपल्या घराघरात ॲसिडिटीवर जी रॅन्टॅक किंवा झिनेटॅक असायची, तेच अमेरिकेत झॅन्टॅक. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा घटक सापडल्याची बातमी आली, एप्रिल २०२० मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, सगळं रॅनिटिडिन बाजारातून काढायला सांगितलं. देशभरातल्या फेडरल कोर्टांतले दावे फ्लोरिडात वेस्ट पाम बीचला न्यायाधीश रॉबिन रोझेनबर्ग यांच्याकडे एकत्र केले गेले. १९६८ च्या कायद्याने अशी सोय आहे, तिला एमडीएल म्हणतात. अशा ठिकाणी वादींच्या शेकडो वकिलांतून न्यायाधीश एक नेतृत्व समिती नेमतात. वर्षानुवर्षं त्या समित्यांवर तीच तीच ज्येष्ठ नावं दिसत. रोझेनबर्ग यांनी २०२० मध्ये तरुण वकिलांसाठी वेगळी नेतृत्व विकास समिती नेमली. नवख्यांना एवढ्या मोठ्या प्रकरणात खरं काम मिळावं म्हणून. माझ्या बहिणीच्या वयाच्या वकिलांमध्ये तेव्हा त्याची फार चर्चा होती.

आणि त्या प्रकरणाचं काय झालं? डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायाधीशांनी वादींच्या तज्ज्ञांची शास्त्रीय पद्धत विश्वासार्ह नाही असं ठरवून त्यांची साक्ष बाद केली आणि फेडरल दावे निकालात निघाले. जवळपास तीन वर्षांचं काम, ज्युरीसमोर एक शब्दही न बोलता. १९९३ च्या डॉबर्ट निकालाने न्यायाधीशांना ही चाळणी लावण्याचा अधिकार दिला आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये ॲक्युटेन या मुरुमांवरच्या औषधाच्या खटल्यात त्या कसोट्या स्वीकारल्या. राज्यांच्या कोर्टांतले दावे मात्र चालू राहिले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये झॅन्टॅकवाल्या जीएसके कंपनीने सुमारे ८०,००० दावे मिटवण्यासाठी २.२ अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं, चूक मान्य न करता.

एकच औषध, तेच शास्त्र, एका दारात हार आणि दुसऱ्या दारात तडजोड. तुम्ही म्हणाल तडजोड हा दबाव आहे. कंपनी म्हणते खटल्यांचा खर्च टाळला. मला यातून दिसतं ते एवढंच की वाट्टेल तो दावा लावून पैसे उकळता येतात, असं हे क्षेत्र नाही. शास्त्र कच्चं असेल तर पहिला फटका त्या वकिलालाच बसतो. म्हणून जीवशास्त्र शिकलेली मुलगी तिथे हवी.

ओढ्याकाठी

हे नीट समजावलंस. झॅन्टॅकच्या फेडरल निकालाने आमच्यातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं होतं.

पण न्यायाला धरून बोलायचं तर माझ्याच विषयातलं दुसऱ्या टोकाचं उदाहरण मला द्यायला हवं. सिनसिनाटीचे रॉब बिलॉट. तरुणपणी ते रासायनिक कंपन्यांच्या बाजूचे वकील होते. १९९८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या विल्बर टेनंट या शेतकऱ्याचा फोन आला की गाई मरताहेत आणि वरच्या अंगाला ड्युपाँटचा कचरा टाकला जातोय. बिलॉट यांची आजी त्याच भागातली, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. १९९९ मध्ये दावा लावला. कंपनीकडून लाखाहून अधिक पानं आली आणि बिलॉट ती जमिनीवर बसून तारखेप्रमाणे लावत गेले. त्यात पीएफओए सापडलं. टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं हे रसायन पिण्याच्या पाण्यात उतरलं होतं, आणि कंपनीला ते आधीपासून ठाऊक होतं.

त्यापुढची गोष्ट मला रसायनशास्त्रज्ञ म्हणून फार मोलाची वाटते. २००४ च्या तडजोडीतल्या पैशातून तिथल्या सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तीन साथरोगशास्त्रज्ञांच्या (एपिडेमिऑलॉजिस्ट) मंडळाने वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २०१२ पर्यंत सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता नोंदवली, त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोगही होता. २०१७ मध्ये सुमारे ३,५०० दावे ६७ कोटी १० लाख डॉलरला मिटले. एवढ्या मोठ्या वस्तीचा आरोग्य अभ्यास कुठल्या विद्यापीठाने केला असता? तो एका दाव्यातून झाला. वादीच्या वकिलांबद्दल माझ्या मनात राग आहे, तरी हे मी कधी नाकारलं नाही.

जुना_भागधारक

औषधं आणि अपघात झाले, शेअरचंही लिहा कोणीतरी. मी सत्यममध्ये होरपळलेला. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं खोटे हिशेब कबूल करणारं पत्र आलं त्या दिवशी माझ्यासारख्या मुंबईत शेअर घेतलेल्या माणसाकडे कोणता मार्ग होता? न्यूयॉर्कच्या बाजारात ज्यांनी सत्यमचे एडीएस, म्हणजे तिथे विकले जाणारे शेअरच्या बदल्यातले रोखे, घेतले होते त्यांच्या वतीने काही दिवसांत तिथल्या फेडरल कोर्टात दावे पडले. २०११ मध्ये सत्यमने साडेबारा कोटी डॉलर आणि लेखापरीक्षकांनी अडीच कोटींहून थोडे अधिक देऊन ते मिटवले. कंपनी एक, घोटाळा एक, आणि भरपाई समुद्रापलीकडे. आपल्याकडे कंपनी कायद्याचं कलम २४५ जून २०१६ पासून लागू झालं, भागधारकांना एकत्र येऊन दाद मागता येते म्हणे. पण एवढं मोठं काम हातात घेणारे वकील कुठे आहेत?

काळा_कोट

भागधारक साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे. न्यूयॉर्कच्या वकिलांनी ते दावे स्वतःच्या खर्चाने चालवले, कारण शेवटी मिळालेल्या रकमेतून कोर्ट त्यांना फी मंजूर करतं. कलम २४५ खाली तोच खर्च आधी भागधारकांना उचलावा लागतो. आणि अमेरिकेचं दारही आपल्याला बंद आहे. २०१० च्या मॉरिसन निकालानंतर परदेशी बाजारात घेतलेल्या शेअरसाठी तिथला रोखे कायदा लागत नाही.

भोपाळच्या वेळीही तेच. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर थोड्याच दिवसांत अमेरिकन वकील भोपाळमध्ये उतरले, वकीलपत्रांवर अंगठे घेतले. त्यांच्यावर खूप टीका झाली, आणि त्यातली बरीच रास्त होती. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी खटला भारतातच चालावा म्हणून न्यूयॉर्कचे दावे फेटाळले. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर सगळं मिटवलं गेलं. सगळ्या पीडितांच्या वतीने सरकार एकच वादी होतं, आणि एकेका माणसाच्या फुप्फुसाची अवस्था कोर्टासमोर कधी आलीच नाही. अशिलाचा हात धरून बसणारा वकील किती महत्त्वाचा असतो, हे मी ज्युनिअर मुलांना भोपाळवरूनच सांगतो.

तासगावची

नमस्कार. मी पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. घरी कोणी वकील नाही, वडील द्राक्ष बागायतदार. बनावट औषधाच्या फवारणीने आमच्या भागातल्या एका बागेचं अख्खं पीक गेलेलं मी पाहिलंय, तेव्हापासून हेच काम करायचं ठरवलंय. अमेरिकेत जाऊन हे करता येईल का? की इथेच राहून शिकावं? रानवाराताई, खरं सांगा.

रानवारा

तासगावची, खरं सांगते. भारतीय पदवीवर न्यूयॉर्कची बार देता येते, पण आधी तिथल्या बोर्डाकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि बरेच जण वर्षभराची एलएलएम करून मग परीक्षेला बसतात. कॅलिफोर्नियात भारतात सनद घेतलेल्या वकिलाला परीक्षेला बसता येतं. परीक्षा हा सोपा भाग आहे. एलएलएमनंतर साधारण एक वर्ष कामाची परवानगी मिळते, त्यानंतर व्हिसाची सोडत, आणि वादीच्या लहान फर्म त्या खर्चात आणि अनिश्चिततेत क्वचितच पडतात. शिवाय या कामात ज्युरीशी बोलायचं असतं. न्यू जर्सीत दिवाणी दाव्यात बहुधा सहा सामान्य नागरिक ज्युरीत असतात. त्यांच्या रोजच्या जगण्यातली भाषा, त्यांची चर्च, त्यांची शाळा, त्यांची नोकरी हे आतून माहीत असणारा माणूस त्यांच्याशी जास्त चांगला बोलतो. बहीण तिथेच वाढली आहे. तुझं तासगाव तुला जसं माहीत आहे तसं तिला न्यू जर्सीतलं एडिसन माहीत आहे. कर्ज काढून तिकडे जाण्याचा सल्ला मी तुला देणार नाही.

पण शिकायला जायची गरजही नाही. अमेरिकन फेडरल कोर्टातली कागदपत्रं पेसर या संकेतस्थळावर पानाला १० सेंट दराने मिळतात, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलीस तर काहीच भरावं लागत नाही. बरीच कोर्टलिसनरवर फुकटही आहेत. झॅन्टॅकचा डिसेंबर २०२२ चा आदेश उघड, ३०० पानांच्या वर आहे. तज्ज्ञाची साक्ष कुठे तुटली ते शोधत वाच. कीटकनाशकाने पीक गेलं म्हणणाऱ्या दाव्यात तुला नेमकं तेच सिद्ध करावं लागणार आहे: फवारणी हेच कारण, दुसरं काही नाही.

काळा_कोट

बरोबर. आणि तासगावची, बागायतदारांचे असे दावे जिल्हा ग्राहक आयोगात चालतात. शेतकरी ग्राहक नाही असा मुद्दा बियाणं कंपनीने केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्सच्या निकालात फेटाळला. तो निकाल आधी वाच. मालाचा दोष प्रयोगशाळेत कसा तपासायचा आणि शेतकऱ्याकडे नमुना उरलाच नसेल तर काय, यावर त्यात चांगलं विवेचन आहे. फवारणीच्या दाव्यात नमुना, बिल आणि कृषी अधिकाऱ्याचा पंचनामा या तिन्हींतलं एक तरी नसतंच. ते मिळवायला सुट्टीत सांगलीच्या आयोगात बसणाऱ्या एखाद्या वकिलाच्या हाताखाली जा.

पुण्याला आलीस तर शिवाजीनगर कोर्टात ये, न्यायाधिकरणाची उलटतपासणी दाखवतो. कोर्ट उघडं असतं, मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

तासगावची

दिवाळीच्या सुट्टीआधी नक्की येते सर. नॅशनल सीड्सचा निकाल आज रात्रीच काढते. एक विचारते: नमुना उरला नसेल तर त्याच बॅचची बाटली दुकानातून किंवा दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेऊन तपासली तर चालते का?

काळा_कोट

चालू शकते, पण बॅच नंबर बिलावर असायला हवा आणि बाटली सीलबंद हवी. तुमच्या भागातल्या त्या बागेचं बिल अजून जपून ठेवलंय का, ते आधी विचार. आयोगात तक्रार दाखल करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.